पोटमाळ्यावरची रिमोटची गाडी

आजवर या कार्यक्रमात आम्ही मिक्सर, इस्त्री, पंखा अशा रोजच्या वस्तूंच्या दुरुस्तीबद्दल बोललो. आज एका खेळण्याबद्दल सांगणार आहोत. खेळणं म्हणून हसू नका. या एका खेळण्यानं आम्हा पाच जणींना जेवढं शिकवलं, तेवढं पन्नास मिक्सरांनी शिकवलं नव्हतं. आणि त्यात आमच्या हातून एक चूकही झाली. तीही सांगणार आहोत, कारण ती तुमच्या हातून होऊ नये.

आषाढात एक दिवस आमच्या वाडीतल्या एक काकू पिशवी घेऊन आल्या. पिशवीत गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, हातभर लांबीची एक मोटारगाडी होती. रिमोटवर चालणारी. काकूंचे यजमान मालवाहू बोटीवर नोकरीला होते. १९८६ साली जपानच्या बंदरातून त्यांनी ती मुलासाठी आणली होती. यजमान आता नाहीत. मुलगा मुंबईला असतो, त्याचा मुलगा आठ वर्षांचा झालाय. काकू म्हणाल्या, "गणपतीला सगळे येतील. तोवर ही अंगणात एकदा चालली पाहिजे. नातवानं आजोबांना बघितलं नाही, निदान त्यांची गाडी तरी बघू दे."

गाडीची अवस्था काय सांगावी! पोटमाळ्यावर इतकी वर्षं पडलेली. कोकणातली खारी, दमट हवा, त्यामुळे स्प्रिंगा आणि स्क्रू गंजलेले. पुढच्या टायरना भेगा. उंदरांनी दोन तारा कुरतडलेल्या. पांढरी बॉडी पिवळट पडून एका कोपऱ्यात तडकलेली. रिमोटमध्ये सेल तसेच राहिलेले, ते फुटून आत हिरवा-पांढरा थर जमलेला.

आम्ही आधी ही गाडी आहे तरी कोणती, ते शोधलं. तळाशी नाव होतं, त्यावरून कळलं. ती तामिया कंपनीची 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची. तामिया ही जपानमधल्या शिझुओका शहरातली कंपनी. १९४६ साली ती लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, पुढे लाकडाची मॉडेल्स करू लागली, मग प्लास्टिकची. रिमोटवर चालणारी त्यांची पहिली गाडी १९७६ साली आली आणि हा नाकतोडा १९८४ साली. नवशिक्यांसाठी काढलेली, साधी, दणकट गाडी.

यात आमच्या उपयोगाची एक मोठी गोष्ट होती. ही गाडी तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग यायचे आणि घेणाऱ्यानं घरी बसून ती जोडायची. काकूंनाही ते आठवत होतं. "सुट्टीवर आले होते तेव्हा दोघं बापलेक चार संध्याकाळी ओटीवर बसून स्क्रू पिळत होते. जेवायला हाका मारून मी दमले." मैत्रिणींनो, जी वस्तू घरी जोडता येते, ती घरी उघडताही येते. हल्लीची पुष्कळ खेळणी गोंदानं चिकटवलेली असतात, उघडायला गेलं की मोडतात. ही स्क्रूंनी जोडलेली होती, म्हणून आम्ही काम घेतलं.

काकूंच्या मुलाचा फोन आला. दादा म्हणाले, "बॅटरी लावून बघा ना, कदाचित चालेलही." आम्ही नाही म्हटलं. खूप वर्षं बंद असलेल्या वस्तूला एकदम वीज द्यायची नाही, हे आम्ही एका पाण्याच्या मोटरीवर शिकलो होतो. कुरतडलेल्या तारा एकमेकींना चिकटल्या असतील, मोटर जाम असेल, तर एका क्षणात धूर निघतो आणि जे वाचलं असतं तेही जातं. आधी डोळ्यांनी बघायचं, मग हातानं फिरवायचं, मग मीटरनं तपासायचं. वीज सगळ्यात शेवटी.

पहिलं काम बॅटरीचं. गाडीतली जुनी बॅटरी निकेल-कॅडमियमची होती. सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचा, मिळून ७.२ व्होल्ट. ती मेलेली होतीच, शिवाय गळतही होती. कॅडमियम विषारी असतं, मूत्रपिंडाला अपाय करतं. म्हणून अशी बॅटरी फोडायची नाही, चुलीत टाकायची नाही, शेणखतात किंवा ओल्या कचऱ्यात तर मुळीच नाही. २०२२ साली केंद्र सरकारनं बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केलेत. त्यात सगळ्या जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून गोळा करणाऱ्यांकडे द्यायच्या असं आहे. आम्ही ती जाड पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवली आणि शहरात ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.

रिमोटमधला थर काढताना हातमोजे घातले. आधी कोरड्या जुन्या टूथब्रशनं पावडर झाडली, तीही अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. सेल अल्कलाइन असेल तर गळणारा पदार्थ क्षारीय असतो, त्याला कापसावर थोडं व्हिनेगर चालतं. साधा स्वस्तातला कार्बनचा सेल असेल तर गळणारं आम्लधर्मी असतं, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. मग ओलसर फडक्यानं पुसून पूर्ण कोरडं करायचं. पत्र्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं हलकेच घासल्या, तेव्हा खाली चमक दिसली. तुमच्या घरातली टॉर्च किंवा घड्याळ असं बिघडलं असेल, तर हाच उपाय करून बघा.

मग गाडी उघडायला घेतली आणि पहिल्याच स्क्रूला अडलो. आमचा स्टारचा स्क्रू ड्रायव्हर सारखा घसरत होता. जोर लावला तर स्क्रूची फुली झिजायला लागली. चौकशी केली तेव्हा समजलं, जपानी स्क्रूची फुली दिसायला आपल्यासारखीच, पण तिची घडण किंचित वेगळी असते. आपला ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जपानी मापाचा ड्रायव्हर मागवला आणि तोच स्क्रू लोण्यासारखा निघाला. गंजलेल्यांना तेलाचा थेंब देऊन रात्रभर ठेवलं. घाई केली असती तर निम्मे स्क्रू तिथंच मोडले असते.

निघालेले स्क्रू आम्ही जुन्या आप्पेपात्राच्या खळग्यांत ठेवले. एका खळग्यात पुढच्या चाकाचे, दुसऱ्यात मोटरीचे, असे. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. कोणती तार कुठून कुठं जाते ते आज लक्षात असतं, पंधरा दिवसांनी राहत नाही. ही सवय चांगलीच. पण ती अर्धवट होती, आणि तिथंच आमची चूक झाली.

बॉडी धुवायला घेतली. बाहेरून भांड्याचा साबण आणि कोमट पाणी. कडकडीत पाणी नको, प्लास्टिक वाकतं. थिनर नको, या प्लास्टिकला तो विरघळवतो. इथवर सगळं नीट होतं. मग बॉडी उलटी केली. आतल्या बाजूला काळपट डाग होते. साबणानं जाईनात. आम्हाला वाटलं ग्रीसचे आहेत. कापसावर स्पिरिट घेतलं आणि घासलं. डाग झटक्यात निघाले. आणि मग बाजूला, न पुसलेल्या भागात, अक्षरं दिसली. 'दिवाळी १९८६'.

तो ग्रीसचा डाग नव्हता. मार्करनं लिहिलेल्या दोन ओळी होत्या. त्यातली वरची ओळ आमच्या कापसावर आली होती.

आम्ही फोटो बघितले. बाहेरून चौदा फोटो होते. आतला एकही नव्हता.

त्या दिवशी दुकानात कुणी कुणाशी बोललं नाही. संध्याकाळी एक जण म्हणाली, काकूंना हे ठाऊकही नसेल, कशाला सांगायचं. दुसरी म्हणाली, तसंच अक्षर काढून बघूया का. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं आम्ही त्याचाही विचार केला. पण वरच्या ओळीत काय होतं तेच आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी ते त्यांचं अक्षर झालं नसतं. दुसऱ्या दिवशी पाचही जणी बॉडी घेऊन काकूंकडे गेलो. एकीलाच पाठवायचं नाही असं ठरवलं होतं.

काकूंनी चष्मा लावला. बॉडी खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघितली. मग म्हणाल्या, "वर पोराचं नाव होतं. त्यांनीच लिहिलं होतं." पुन्हा गप्प झाल्या. आम्ही माफी मागितली. काम थांबवायचं असेल तर थांबवू, पैसे नकोत, असंही म्हणालो. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं केलंत. न सांगता दिली असती तर मी उलटी करून बघितलंच असतं. आणि मला वाटलं असतं, माझंच डोकं गेलं, इथं कधी काही लिहिलेलंच नव्हतं." मग म्हणाल्या, "राहिलंय तेवढं राखा. आणि आता काही पुसण्याआधी मला विचारा."

आम्ही काम घेताना त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, गाडी चालायला हवी का. त्यांना त्यातलं काय राखायला हवंय, ते विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. त्यांनी गाडी हातात फिरवून एकेक सांगितलं. पिवळटपणा असू दे. स्टिकर फाटलेले असले तरी तेच राहू देत. पुढच्या कोपऱ्यावर तड गेलीय, ती मुलानं तुळशीवृंदावनावर गाडी आपटली तेव्हाची, ती आतून जोडा पण बाहेरून लपवू नका. आतला चालकाचा बाहुला मुलानं लहानपणी रंगवलाय, वेडावाकडा, त्याला हात लावू नका. आम्ही तर बॉडी पांढरीशुभ्र करून नवीन स्टिकर लावायच्या विचारात होतो! आम्हाला जी घाण वाटत होती, त्यातलं निम्मं त्यांना हवं होतं.

तड आतल्या बाजूनं प्लास्टिकची पातळ पट्टी आणि दोन भागांचा गोंद लावून जोडली. 'दिवाळी १९८६' वर कागद चिकटवून टाकला, म्हणजे चुकून हात जायला नको. कागदाच्या चारही कडा अक्षरांपासून लांब चिकटवल्या.

मग यंत्राकडे वळलो. दातेरी चाकांच्या डब्यातलं ग्रीस घट्ट गुळासारखं झालं होतं. प्लास्टिकची चाकं साबणाच्या पाण्यानं धुतली, धातूचे दांडे रॉकेलच्या फडक्यानं पुसले, अर्थातच चुलीपासून लांब. मग प्लास्टिकला चालणारं नवीन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. इथं खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

मोटरीत मिक्सरसारखेच कार्बन असतात, फक्त ही मोटर बंद डब्यातली असल्यामुळे ते बदलता येत नाहीत. दांडा हातानं फिरवून बघितला, फिरला. मग गाडीपासून सोडवून फक्त दोन पेन्सिल सेल लावले, म्हणजे तीन व्होल्ट. आधी कुरकुरली, मग सूर धरला. एवढी वर्षं मुकी असलेली वस्तू बोलली की काय वाटतं, ते दुरुस्ती करणाऱ्या बाईलाच कळतं.

या गाडीत वेग कमीजास्त करायला आजच्यासारखं इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही. रिमोटवरून खूण आली की सर्वो नावाची छोटी मोटर एक हात हलवते. तो हात तांब्याच्या पट्ट्यांवर सरकतो, पायरीपायरीनं, पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखा. हळू चालवताना उरलेली वीज एका रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते, म्हणून तो चांगलाच तापतो, त्याला तार किंवा प्लास्टिक टेकू द्यायचं नाही. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या घासल्या, कुरतडलेल्या तारा बदलून सोल्डरिंग केलं आणि मीटरनं प्रत्येक जोड तपासला.

मग परीक्षेचा दिवस. गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी. रिमोटची गाडी लावताना आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. नाहीतर रिमोटची खूण नसताना गाडी भलत्याच लहरी पकडून स्वतःहून सुटू शकते. स्टिअरिंग फिरवलं, चाकं छान वळली. मोटर चालू केली आणि पुढची चाकं थंडी भरल्यासारखी थरथरायला लागली. मोटर बंद केली की थरथर बंद.

आम्ही डोकं खाजवत बसलो. मग एकीला आठवलं, घरी मिक्सर लावला की जुन्या रेडिओवर मिडियम वेव्हची बातमी खरखरते, ऐकू येत नाही. हेच ते! मोटरीच्या कार्बनपाशी बारीक ठिणग्या पडतात, त्यांच्या लहरी रेडिओत घुसतात. ही गाडीसुद्धा रेडिओवरच चालते, २७ मेगाहर्ट्झवर. हा त्रास होऊ नये म्हणून मोटरीवर डाळीएवढे तीन कंडेन्सर लावलेले असतात. बघितलं तर त्यातल्या एकाचा पाय गंजून तुटला होता. १०४ असा आकडा असलेला कंडेन्सर कुठल्याही रेडिओ-टीव्हीच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. तो लावला आणि चाकं शांत झाली.

फाटके टायर मात्र बदलावेच लागले. कडक झालेलं रबर पुन्हा मऊ होत नाही. कंपनीनं हेच मॉडेल २००५ साली पुन्हा काढलं, त्यामुळे भाग मिळतात. दादांनी मुंबईहून पुढचे टायर आणि नवीन बॅटरी पाठवली. बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, ७.२ व्होल्टचीच, आणि तिला जुळणारा चार्जर. लिथियमची मागवू नका असं आम्ही मुद्दाम सांगितलं होतं. या जुन्या रचनेत बॅटरी ठराविक पातळीखाली उतरली की बंद करणारी सोय नाही, आणि लिथियमला ते धोक्याचं. काढलेले टायर, स्क्रू, तुटका कंडेन्सरसुद्धा, सगळं डबीत घालून काकूंना परत दिलं.

जोडताना एक युक्ती कामी आली. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. किंचित टक् असा आवाज होऊन तो जुन्या आट्यात उतरतो. मगच सुलटा पिळायचा. थेट पिळला तर नवीन आटा पडतो आणि भोक ढिलं होतं. मिक्सरच्या बुडाच्या स्क्रूंनाही हेच लागू.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. पाऊस उघडला होता. दादांनी गाडी हातात घेतली, उलटी केली आणि आतलं बघितलं. काकूंनी त्यांना आधीच सांगितलं होतं. आमच्याकडे बघून ते म्हणाले, "तारीख राहिली ना, बस." पण त्यांचा अंगठा वरच्या रिकाम्या जागेवरून फिरला, ते आम्ही पाचही जणींनी पाहिलं. ते विसरणं आम्हाला जमणार नाही, आणि विसरूही नये.

मग गाडी अंगणात ठेवली. रिमोट आधी, गाडी मग. नातवानं काडी पुढं ढकलली आणि नाकतोडा सुटला, तो थेट तुळशीवृंदावनाकडे. काकू ओरडल्या, "अरे वळव, वळव! बापासारखा आपटू नको!" सगळे हसले. वळली हो गाडी, थोडक्यात.

आता हिशेब. आमच्या वहीत या कामाचे सव्वीस तास भरले. त्यातले बॉडी धुण्याचे तीन आम्ही धरले नाहीत. बाकीच्या तेवीस तासांचे पैसे काकूंनी दिले आणि आम्ही घेतले. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बायांना ओळखीच्या घरी मजुरी मागायची लाज वाटते. चूक झाली ती कबूल करायची, आणि काम केलं त्याचे पैसे घ्यायचे. दोन्ही उघडपणे.

त्यानंतर आमच्या दुकानात एक रीत पडली. वस्तू आली की आधी मालकिणीला विचारतो, यातलं काय जपायचंय. ते तिच्यासमोर वहीत लिहितो. मग आतून-बाहेरून, उलटीसुलटी करून फोटो काढतो. तोवर फडकं हातात घेत नाही. मागच्या महिन्यात एक ताई सासूबाईंचं शिलाई मशीन घेऊन आल्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, लाकडावर सुईनं कोरलेल्या खुणा आहेत, ती सासूबाईंची मापं आहेत, त्या घासू नका. न विचारता आम्ही त्या पॉलिश पेपरनं सपाट केल्या असत्या.

तुमच्या पोटमाळ्यावर, ट्रंकेत असं काही पडलं असेल तर आजच काढून बघा. आधी त्यातले सेल काढून टाका, एवढं तरी करा. आणि काही विचारायचं असेल तर केंद्रावर निरोप ठेवा, पुढच्या भागात उत्तर देऊ. नमस्कार.